कनकेश्वरचं वेळापत्रक

डोंगरावर जायचा दिवस ठरवताना आपण सुट्टी कधी आहे ते बघतो, फार तर पावसाचा अंदाज. अलिबागजवळच्या कनकेश्वरला जायचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरात आधी तिथी बघावी, असं माझं मत आहे. मुहूर्ताशी त्याचा काही संबंध नाही. हा डोंगर समुद्राला इतका खेटून आहे की सकाळी चढून-उतरून झालं की दुपारी अलिबागचा कुलाबा किल्ला पायी जाऊन बघता येतो, आणि त्या किल्ल्याची वाट दिवसातून दोनदा समुद्र उघडतो आणि दोनदा बंद करतो. ती कधी उघडी असेल हे तिथी सांगते.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. ना तक्ता, ना मोबाइल. हे चालतं कसं? अमावस्येला चंद्र सूर्याच्या सोबतीनं डोक्यावर येतो. तिथून पुढे तो रोज थोडा मागे पडत जातो आणि तीस तिथींनी पुन्हा सूर्याला गाठतो. म्हणजे तीस तिथींमध्ये चोवीस तासांची पिछाडी, एका तिथीमागे ४८ मिनिटं. जुन्या कालमापनात घटिका २४ मिनिटांची. म्हणजे एक तिथी पुढे सरकली की भरती बरोब्बर दोन घटिका पुढे सरकते. हिशेबाला सोपं जावं म्हणून लोकांनी ४८ मिनिटांचा पाऊण तास केला आणि शेवटी थोडी चूक पदरात घेतली. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो खरा, म्हणून निघण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते बघावेतच. पण बोटांच्या पेरांवर तिथी मोजून समुद्राची वेळ सांगता येते ही गोष्ट मला अजूनही जादूसारखी वाटते.

आता आपल्याला दुपारी चारच्या सुमारास ओहोटी हवी. चारला ओहोटी म्हणजे पावणेदहाला भरती, म्हणजे तेरा तिथी. त्रयोदशी! शिवाय ती पौर्णिमा-अमावस्येच्या तोंडावर येते, तेव्हा उधाणाचे दिवस असतात. भरती जास्त चढते, तशी ओहोटीही जास्त खाली जाते. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढत असतात म्हणून हे होतं. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, एकमेकांचा जोर मोडत असतात. त्याला भांग म्हणतात, आणि भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या आसपास जातो. शुद्ध आणि वद्य धरून महिन्यात दोन त्रयोदश्या मिळतात. त्रयोदशीला प्रदोष असतो आणि कनकेश्वर शंकराचं देऊळ आहे, त्यामुळे थोडी वर्दळ होईल, पण प्रदोष सूर्यास्ताच्या वेळचा. सकाळ आपली. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र मात्र टाळावी. ज्याला शांतता हवी त्यानं त्या दिवशी तिथे जाऊन गर्दीला नावं ठेवू नयेत.

मुंबईकरांनी यावं ते पाण्यातूनच. वडखळ-पेणच्या रस्त्यावर अडकण्यात काही मजा नाही. गेटवेवरून मांडव्याला लाँच तासाभरात पोचते, तिथून अलिबागच्या वाटेवर मापगावला रिक्षानं किंवा बसनं जाता येतं. पावसाळ्यात लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. सकाळची पहिली लाँच धरावी आणि हिवाळ्यात वरच्या डेकवर बसावं. लाँच सुटली की मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. हे कुरव. त्यातला एखादा कठड्याच्या उंचीवर येऊन तुमच्याच वेगानं तरंगत राहतो, तेव्हा नीट बघा: डोळ्यामागे कानाच्या जागी काजळाचा एक ठिपका, चोच लाल आणि टोकाशी काळी, डोळ्याचं बुबुळ फिकट. हा तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचं तपकिरी डोकं पांढरं होतं, ठिपका तेवढा उरतो. याची वीण लडाख-तिबेटच्या पठारांवरच्या तळ्यांकाठी होते, चार हजार मीटरांच्या उंचीवर. आपण साडेतीनशे मीटरांचा डोंगर चढायला निघालोय आणि आपल्याला मांडव्यापर्यंत सोडायला हा हिमालयापलीकडून आलाय. त्याला कुरकुरे आणि गाठ्या भरवण्याची जी टूम निघाली आहे ती मात्र बंद व्हायला हवी. त्याच्या पोटाला ते सोसत नाही.

मांडव्याच्या किनाऱ्यावर उतरलात की एकदा वळून मुंबईकडे बघा. गेटवे तिथून चौदा किलोमीटरांवर आहे. पाण्याच्या कडेला उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरांवर दिसतं. त्यापलीकडचा समुद्र पृथ्वीच्या गोलाईमागे खाली गेलेला असतो. ढोबळ हिशेबानं गेटवेजवळच्या इमारतींचे खालचे सात मीटर, म्हणजे दोन मजले, आपल्याला दिसत नाहीत. ते पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा मागणाऱ्याला अंतराळात न्यायची गरज नाही, मांडव्याच्या वाळूत उभं केलं तरी पुरे. (हवा स्वच्छ हवी, ही अट मोठी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.)

मापगाव डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला आहे. ही साधी भौगोलिक गोष्ट आपला अख्खा दिवस ठरवते. डोंगर पूर्वेला, सूर्य त्याच्यामागून उगवणार, म्हणून सकाळी चढाच्या पायऱ्यांवर डोंगराची स्वतःची सावली असते. दुपारनंतर ऊन थेट याच अंगावर येतं. म्हणजे साडेसात-आठला पायऱ्यांना पाय लागला पाहिजे आणि बाराच्या सुमारास उतरायला लागलं पाहिजे. आठला चढायला लागून किती वेळ लागेल? यासाठी एक जुनं सूत्र आहे. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं सांगून ठेवलं: सपाटीवर पाच किलोमीटरांना एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कनकेश्वरला वाट दोन-अडीच किलोमीटरांची, चढ साधारण साडेतीनशे मीटरांचा. पहिल्याची पंचवीस-तीस मिनिटं, दुसऱ्याची पस्तीस. एक तास झाला. नेस्मिथ स्कॉटलंडच्या थंड हवेतला माणूस. कोकणात त्याच्या तासात किमान पाव-अर्धा तास मिळवावा लागतो, आणि तो का, हे या डोंगराबद्दल कळलेल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

साठ किलोच्या माणसाला साडेतीनशे मीटर वर उचलायला खरं तर फार थोडी ऊर्जा लागते: पन्नास किलोकॅलरीसुद्धा नाही, म्हणजे अर्धी चपाती. पण आपले स्नायू उधळे आहेत. खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा ते कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे अर्ध्या चपातीच्या कामाला दोन चपात्या जळतात आणि त्यातली दीड चपाती नुसती अंग तापवते. ही उष्णता बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबानं या अख्ख्या चढाला पाव ते पाऊण लिटरच्या मधला कुठला तरी आकडा पुरावा. पण इथे "वाळला तर" हे शब्द महत्त्वाचे. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पानं भरलेली. घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम काहीच थंडावा देत नाही. शरीराला वाटतं घाम कमी पडला, ते आणखी सोडतं. म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दुप्पट उंचीचा डोंगर हसत चढणारी माणसं इथे वाटेतल्या नागोबाच्या टप्प्याला येईपर्यंत शर्ट पिळायला लागतात. माणशी दोन लिटर पाणी न्या, उन्हाळ्याकडे झुकलेले दिवस असतील तर तीन. त्यात एक बाटली मीठ घातलेल्या लिंबाच्या किंवा कोकमाच्या सरबताची असू द्या. नुसतं पाणी घटाघट पिण्यापेक्षा ते बरं, कारण घामातून मीठही जातं. वर काही ना काही मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पायऱ्या दगडी आहेत, आंग्र्यांच्या अमदानीतल्या, अठराव्या शतकातल्या. सातशेच्या घरात आहेत एवढंच मी सांगेन. प्रत्येक मोजणाऱ्याचा आकडा वेगळा येतो आणि त्यावरून वर पोचल्यावर भांडणं होतात. त्या काळच्या गवंड्यांनी एक शहाणपण केलं आहे: पायऱ्या सलग खड्या न चढवता मध्ये मध्ये लांबट, सपाट टप्पे सोडले आहेत. नागोबाचा टप्पा, गायमांडी, देवाची पायरी अशी विसाव्याच्या जागांना नावं आहेत. चढताना छातीचे ठोके वाढतात ते पहिल्या पाच-दहा मिनिटांत. स्नायूंची प्राणवायूची मागणी लगेच वाढते, हृदय आणि फुप्फुसं मात्र मागून येऊन तिला गाठतात. तेवढा काळ जड जातो. पहिल्या टप्प्यापर्यंत मुद्दाम रेंगाळत चढलात तर पुढचं सोपं जातं. शर्यत लावणारे पहिल्याच टप्प्यावर बसलेले दिसतात.

तिथे बसलातच तर पायरीकडे बघा. काळ्या दगडात कुठे ना कुठे वाटाण्याएवढी भोकं सापडतील, गोल, काही किंचित लांबट, जणू कुणी एका दिशेनं दाबलेली. काहींच्या आत पांढरी, काचेसारखी खडी भरलेली असते, नख लावलं तर खरखरीत लागते. पाऊस होऊन गेला असेल तर तीच जागा चमकते. ते वायूचे बुडबुडे आहेत. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे भेगांमधून लाव्हा बाहेर पडत होता. तो थिजताना वर यायला धडपडणारे बुडबुडे जागच्या जागी अडकले. वाहता वाहता थिजला तर बुडबुडा लांबट झाला. नंतर लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून पाणी झिरपलं आणि जाताना आपल्यातली खनिजं तिथे ठेवून गेलं. बुडबुडा जन्मला तेव्हा डायनोसॉरांचे शेवटचे दिवस चालले होते. तो फुटलाच नाही.

दख्खनचा हा काळा दगड आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरला आहे. पण त्याची खरी नवलाई डोळ्यांना दिसत नाही. दगडात लोहाच्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा पुरेसा तापलेला असेपर्यंत त्यांना दिशा नसते. तो निवत गेला की ते त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला जुळवून घेतात आणि तसेच राहतात. प्रत्येक थर आपल्या काळची दिशा आत जपून बसलेला असतो. ही दिशा दोन प्रकारे वाचता येते. एक, उत्तर कुठल्या बाजूला. दख्खनच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट निघते, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अदलाबदल झालेले होते. दोन, ती दिशा क्षितिजाशी किती अंशांनी कललेली आहे. विषुववृत्तावर चुंबकसुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. त्या कलावरून, दगड थिजला तेव्हा तो कुठल्या अक्षांशावर होता हे काढता येतं. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनचे दगड असे वाचले तेव्हा उत्तर आलं: विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या हिशेबानं सुमारे तीस अंश. अलिबाग आज साडेअठरा अंश उत्तरेला आहे. म्हणजे ज्या पायरीवर बसून तुम्ही सरबत पिताय ती पाच हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करून इथे आली आहे. खंड सरकतात हे तेव्हा अनेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. त्यांचं मत पालटण्यात आपल्या या काळ्या फत्तराचाही हात आहे.

आणि योगायोग असा, की या डोंगराजवळच्या अलिबागमध्येच पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह जवळून गेला की नाजूक चुंबकसुया बिथरणार. मग नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळा अलिबागला हलवली गेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा निखळू नये. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. ट्राम बंद पडून जमाना झाला, अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. या सगळ्याचा ट्रेकला उपयोग एवढाच, की आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळपास शून्य आहे. नकाशावर आकडेमोड न करता सुई मानावी. मात्र होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नका, हातात उंच धरा. वर सांगितलेल्या त्या कणांना आपली मतं आहेत.

देवळाशी पोचलात की झाडीत गारवा जाणवतो. उंचीचं श्रेय त्यात फार थोडं आहे. हजार मीटरांना साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे इथे सव्वादोन अंश. बाकीचं काम सावली आणि वारा करतात. देवळासमोर दगडात बांधलेली पुष्करणी आहे आणि तिच्यात पाणी असतं. डोंगराच्या माथ्याजवळ पाणी कुठून येतं, हा प्रश्न भाविकांनी देवावर सोडला, पण भूशास्त्राचं उत्तरही काही कमी सुंदर नाही. लाव्हा एकदाच वाहिला नाही, थरावर थर साचत गेले. एका थरात भेगा आणि भोकं, तो पाणी पितो. त्याखाली घट्ट थर, तो पाणी पुढे जाऊ देत नाही. दोन थरांमध्ये कधी विटकरी रंगाची चिकट माती सापडते, ती तर पाण्याला पक्कीच अडवते. ही माती दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तयार झालेली असते. अलिबागला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो वरच्या थरांत मुरतो, खाली जाता येईना म्हणून आडवा सरकतो आणि जिथे उतार थराला छेदतो तिथे झरा होऊन बाहेर येतो. सह्याद्रीतल्या कित्येक गडांवर उन्हाळ्यातही टाकी भरलेली दिसतात त्यामागे हेच आहे. गड कुठे बांधायचा हे ज्यांनी ठरवलं त्यांना हे थर वाचता येत होते.

आता पश्चिमेच्या कडेवर या. खाली नारळी-पोफळीच्या बागा, किहीम, थळ, आणि समुद्रात खांदेरी-उंदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधकाम काढलं. मुंबईच्या इंग्रजांनी आणि सिद्दीनं ते हाणून पाडायचा जिवापाड प्रयत्न केला, जमलं नाही. मग सिद्दीनं पुढच्याच वर्षी शेजारची उंदेरी बळकावली. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत खांदेरी आहे. इथून बघितलं की इंग्रजांची चिडचिड समजते: मुंबई बंदरात शिरणाऱ्या गलबताला त्या बेटाच्या नजरेखालूनच जावं लागणार.

मांडव्याच्या वाळूत साडेचार किलोमीटरांवर असलेलं क्षितिज इथे पासष्ट किलोमीटरांच्या पुढे गेलेलं असतं. सूत्र सोपं आहे: उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढा आणि साडेतीननं गुणा, किलोमीटर मिळतील. मुंबई वीस-बावीस किलोमीटरांवरच आहे, तिचे खालचे दोन मजले आता गोलाईच्या अडून बाहेर आलेले. पण दिसतील का? हिवाळ्यातल्या सकाळी बहुधा नाही. रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि गार हवा जड म्हणून खालीच बसून राहते. तिच्यात धूर, धूळ, धुकं सगळं अडकतं. चढताना एका ठिकाणी तुम्हाला या थराची वरची कड दिसेलसुद्धा, एखाद्या करड्या रेघेसारखी. स्वच्छ नजर हवी असेल तर पावसाळा नुकताच ओसरल्यावर यावं, धुळीला पावसानं धुऊन टाकलेलं असतं तेव्हा. मात्र तेव्हा पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि उकाडा हिवाळ्यापेक्षा जास्त. दोन्ही एकदम मिळत नाही. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ पायांसाठी चांगला, ऑक्टोबरची सुरुवात डोळ्यांसाठी.

दहा-अकराच्या सुमारास घारींकडे लक्ष ठेवा. सकाळी त्या पंख मारत उडतात. मग कधीतरी एखादी पंख पसरून गोल गोल वर चढायला लागते, एकदाही न फडफडता. जमीन तापून हवा वर उठायला लागल्याची ती खूण. हवा वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत सरकते. पाण्याला तापायला दगडमातीच्या चार-पाचपट उष्णता लागते आणि ते घुसळत राहतं, म्हणून दिवसभर ऊन खाऊनही समुद्र फारसा तापत नाही. पहाटे वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे असतो. मध्यान्हाच्या आसपास तो पालटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोरात असले की हा पालट उशिरा होतो, आणि मग "मुंबईचा पारा चढला" अशा बातम्या येतात. कनकेश्वरच्या कडेवर बसलं की पालट अंगावर कळतो. आधी वारा पडतो, पाचदहा मिनिटं पान हलत नाही, आणि मग समोरून पहिली झुळूक येते. ती आली की उतरायला लागावं.

उतार सोपा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. चढताना मांडीचा स्नायू आखडत जातो. उतरताना तो ताण झेलत लांब होत जातो, म्हणजे दर पायरीला ब्रेक लावत असतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही, एक-दोन दिवसांनी बोलते. शेवटच्या शंभर पायऱ्यांना पाय थरथरतात तेही यामुळेच. पावलं लहान टाकावीत, गुडघा ताठ ठेवू नये, काठी असेल तर ती उतारालाच वापरावी. वाटेतल्या माकडांसमोर पिशवी उघडू नये, हे सांगायची गरज नसावी.

खाली उतरून अलिबागला जाताना उजवीकडे किहीमचा फाटा लागतो. किहीमला १९३० मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली मुक्कामाला होते. हाताशी नोकरी नव्हती, वेळ भरपूर. घराजवळ सुगरणींची वसाहत होती, ते महिनोन् महिने तिच्याकडे बघत बसले. नर अर्धवट घरटं विणून थांबतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर राहते आणि मगच तो ते पुरं करतो. तिचा संसार लागला की हा शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीची गाणी आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो, पण विणणारा नर असतो आणि तो असा, हे नीट टिपलं गेलं ते इथल्या झाडांवर.

अलिबागच्या किनाऱ्यावर साडेतीनपर्यंत पोचा. ओहोटी चारची असेल तर तिच्या आधीचा तासभर आणि नंतरचा तासभर पाण्यातून चालायला निर्धास्त. घोडागाड्याही असतात, पण ओल्या वाळूतून पायी जाण्यात जास्त मौज. कुलाब्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातलं, १६८० च्या सुमाराचं. तटाशी गेल्यावर दगडांच्या सांध्यात बोट घालून बघा. मोठाले चिरे एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर विखुरतो. मग आत जाऊन गोड्या पाण्याची विहीर शोधा. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगं, कारण पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. ते जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, चटकन मिसळत नाही. मात्र उपसा बेतानं करावा लागतो. विहिरीची पातळी एक हात खाली गेली तर हिशेबानं खालचं खारं पाणी चाळीस हात वर सरकतं. किल्ल्यावर राहणाऱ्यांना हा आकडा ठाऊक नसेल, पण पाणी जपून शेंदायची शिस्त त्यांना पाळावीच लागली असणार.

पाच वाजले की परत फिरा. चढती भरती किनाऱ्याकडून येत नाही, ती आधी मधल्या खोलगट पट्ट्यात भरते, म्हणजे तुमच्या आणि गावाच्या मध्ये. आणि परतीची लाँच धरायची असेल तर शेवटची किती वाजता सुटते ते सकाळीच मांडव्याच्या खिडकीवर विचारून ठेवलेलं बरं.